जुन्या घरातला ॲस्बेस्टॉस: हातोडा उचलण्याआधी काय पाहायचं, काय करायचं

जुन्या घराची दुरुस्ती ठरली की तोडफोड आधी सुरू होते आणि विचार नंतर. एरवी यात फार तर चार फरशा जास्त फुटतात. घरात ॲस्बेस्टॉस असेल तर मात्र हाच उलटा क्रम घातक ठरतो. वर्षानुवर्षं जागच्या जागी बसलेला धडधाकट पत्रा सहसा कुणाला काही करत नाही. तोच पत्रा कापला, घासला, फोडला की त्यातून निघणारी धूळ माणसाच्या फुप्फुसात जाऊन बसते आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहते. त्यामुळे या लेखात ॲस्बेस्टॉस ‘काढायचा कसा’ यापेक्षा ‘ओळखायचा कसा आणि त्याला हात कधी लावायचा नाही’ यावर जास्त भर आहे. जुन्या घरात पहिल्यांदाच काम काढणाऱ्यासाठी हे लिहिलं आहे.

आधी शत्रू ओळखा

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचं नाव नाही. तंतुमय अशा सहा खनिजांना मिळून ते दिलेलं आहे. बांधकामात मुख्यतः तीन वापरली गेली: क्रायसोटाइल म्हणजे पांढरा, अमोसाइट म्हणजे तपकिरी आणि क्रोसिडोलाइट म्हणजे निळा. या रंगांवरून घरात काही ओळखता येईल असं समजू नका. सिमेंटात मिसळल्यावर सगळं करडंच दिसतं.

आगीला दाद देत नाही, ॲसिडने सहजी झिजत नाही, ताण सहन करतो आणि स्वस्तात मिळतो, असा हा माल. म्हणून विसाव्या शतकात तो पत्र्यांपासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत सगळीकडे घातला गेला. घोळ त्याच्या तंतूंमध्ये आहे. हे तंतू तुटताना उभे चिरत जातात आणि आणखी बारीक होतात. प्रयोगशाळेत हवेतले तंतू मोजताना ५ मायक्रॉनपेक्षा लांब आणि ३ मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचे तंतू धरतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इतकी बारीक वस्तू डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही, ती नाकात गेल्यावर शिंकही येत नाही. हवेत ती तासन्‌तास तरंगते. शरीराच्या पेशींना ती पचवता येत नाही.

त्यातून होणारे आजार चार-पाच प्रकारचे. फुप्फुसं घट्ट होत जाणारा ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग, स्वरयंत्राचा आणि बीजकोशाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराला होणारा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहेत. धूळ आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा २० ते ४० वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. म्हणूनच ‘मी आयुष्यभर हे पत्रे कापतोय, मला कुठे काय झालं?’ या कारागिराच्या बोलण्याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. तो खोटं बोलत नसतो, पण त्याचा हिशेब अजून पुरा झालेला नसतो.

हा फक्त कारखान्यातल्या कामगारांचा प्रश्न आहे असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रोसिडोलाइट खाणींच्या परिसरातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण संशोधक वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली नोंदवले. त्यांतल्या कित्येकांनी खाणीत कधी कामच केलं नव्हतं. ते नुसते तिथे राहत होते, लहानपणी त्या भागात वावरले होते. पुढे कामगारांचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांमध्येही हा आजार दिसला. घरातल्या कामासाठी हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

पायरी १: घराचं वय काढा

घर कधी बांधलं आणि त्यात मोठी दुरुस्ती कधी झाली, ही दोन वर्षं शोधा. ॲस्बेस्टॉसचा सर्वांत जास्त वापर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत झाला. बंदी मात्र देशोदेशी वेगवेगळ्या वेळी आली. आइसलँडने १९८३ मध्येच बहुतेक वापर थांबवला. ब्रिटनने निळा आणि तपकिरी १९८५ मध्ये, पांढरा १९९९ मध्ये बंद केला. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघात २००५ मध्ये पूर्ण बंदी लागू झाली. अमेरिकेने क्रायसोटाइलवर बंदी घालणारा नियम २०२४ मध्ये केला. आणि काही देशांत ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे अजूनही कायदेशीरपणे बनतात, विकले जातात. अशा ठिकाणी ‘घर नवं आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

बंदीनंतरही गोदामातला जुना माल काही काळ वापरला गेला असू शकतो. म्हणून बंदीच्या वर्षानंतरची दोन-तीन वर्षंही संशयाच्या यादीत ठेवा.

पायरी २: वही घेऊन फिरा, हात न लावता

एक वही, एक टॉर्च, मोबाइलचा कॅमेरा. स्क्रू ड्रायव्हर सोबत घेऊ नका. हाताशी असला की टोकरून बघायचा मोह होतो.

बाहेरून सुरुवात करा. नालीदार सिमेंटचे पत्रे, त्यांच्या आढ्यावरचे कोपरे, पन्हळी, पावसाचं पाणी उतरवणारे करडे पाइप, धुराडी, जुन्या पाण्याच्या टाक्या. यांत ॲस्बेस्टॉसचं प्रमाण साधारण १० ते १५ टक्के असतं आणि तो सिमेंटात घट्ट बांधलेला असतो. धडधाकट असेल तर त्यातल्या त्यात कमी धोक्याचा प्रकार हाच.

आत आल्यावर जास्त लक्ष द्या. छताच्या किंवा पार्टिशनच्या सपाट बोर्डांत, जिन्याखालच्या कपाटात, आगीपासून बचावासाठी दाराच्या आतल्या बाजूला मारलेल्या तक्त्यांत जो मऊसर इन्सुलेशन बोर्ड असतो, त्यात प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. तो सिमेंटच्या सपाट पत्र्यासारखाच दिसतो, पण भिजवला तर पाणी पितो आणि तुकडा सहज मोडतो. (मोडून बघू नका.) फ्यूजच्या जुन्या बोर्डामागचा तक्ता आणि फ्यूजच्या आतला पांढरट पॅड इलेक्ट्रिशियनच्या हाताखालून रोज जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जमिनीवर जुन्या व्हिनाइल टाइल्स असतील, विशेषतः ९ इंच चौरस आकाराच्या, तर टाइल आणि तिच्याखालचा काळा डांबरी गोंद, दोन्ही संशयित धरा. रोलमध्ये येणाऱ्या जुन्या व्हिनाइलच्या पाठीला कागदासारखा थर असतो. तो कधी कधी जवळजवळ निव्वळ ॲस्बेस्टॉस निघतो, आणि व्हिनाइल ओरबाडून काढलं की फाटतो तो नेमका हाच थर. छतावरचे खरबरीत, नक्षीदार रंगाचे थर, खिडकीच्या काचेभोवतीची जुनी लांबी (पुट्टी), स्टोव्ह आणि बॉयलरच्या दारातली पांढरी दोरी, हेही यादीत घ्या.

सर्वांत वाईट प्रकार तीन. गरम पाण्याच्या किंवा वाफेच्या पाइपांवर प्लास्टरसारखं गुंडाळलेलं वेष्टण. खांब-तुळयांवर आगीपासून संरक्षणासाठी फवारलेला लोकरीसारखा लेप. आणि छताच्या पोकळीत मोकळा ओतलेला माल. या तिन्हींत तंतू बांधलेले नसतात, नुसत्या स्पर्शाने सुटतात. पोकळीत चमकदार, अभ्रकासारख्या पापुद्र्यांचे तपकिरी-सोनेरी दाणे दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून जगभर गेलेल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माल घराघरांत राहिला. तो दिसला की पोकळीचं झाकण लावा आणि खाली उतरा.

वहीत प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा: काय आहे, कुठल्या अवस्थेत आहे, आणि तिथे लोकांचा किती वावर आहे. हाताने चुरता येईल असं काही असेल तर त्याच्यापुढे मोठी फुली मारा.

पायरी ३: संशय घ्या किंवा तपासून घ्या

नजरेने ‘हा ॲस्बेस्टॉस नाहीच’ असं कुणीच सांगू शकत नाही, तीस वर्षांचा अनुभवी कंत्राटदारसुद्धा नाही. नव्या, ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचा पत्रा जुन्या पत्र्यासारखाच दिसतो. उत्तर मिळतं ते प्रयोगशाळेत, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली.

त्या वस्तूला धक्का लावायचाच नसेल तर तपासणीची गरज नाही. ‘आहे’ असं धरून चाला. ते फुकट आहे आणि सुरक्षित आहे. तिथे काम करायचंच असेल तर नमुना द्या. नमुना घ्यायला प्रशिक्षित माणूस बोलावणं उत्तम. वेष्टण, फवारलेला लेप आणि मोकळा माल यांचा नमुना स्वतः कधीही घेऊ नका.

सिमेंटच्या पत्र्यासारख्या घट्ट मालाचा नमुना घरमालकाने घ्यायला तुमच्याकडच्या नियमांत परवानगी असेल, तर पद्धत अशी. पंखा, एसी बंद. इतर सगळे बाहेर. खाली प्लॅस्टिक अंथरा. भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरा आणि जागा भिजवा. साबणामुळे पाणी वरून ओघळून न जाता आत मुरतं. योग्य मास्क आणि हातमोजे घालून, आधीच तुटलेल्या कडेवरून अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पकडीने हळूच काढा. ड्रिल नाही, करवत नाही. तुकडा झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर नाव, जागा, तारीख. उघडी पडलेली कड रंगाने किंवा टेपने बंद करा, ओल्या फडक्याने पुसा, आणि ते फडकंही त्याच कचऱ्यात. टाइलचा नमुना असेल तर गोंदाचा वेगळा द्या. नक्षीदार छताचे दोन-तीन ठिकाणचे द्या, कारण माल हाताने कालवलेला असतो आणि सगळीकडे सारखा नसतो.

पायरी ४: ठेवायचं, झाकायचं की काढायचं

लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. अहवालात ‘ॲस्बेस्टॉस आहे’ असं वाचलं की माणूस घाबरतो आणि आठवड्याभरात सगळं उपटून टाकायला निघतो. वास्तविक धडधाकट, रंगवलेला, कुणाचा धक्का लागत नाही अशा जागचा सिमेंट बोर्ड तसाच ठेवणं हा बहुतेक वेळा योग्य निर्णय असतो. घाईने, अर्धवट साधनांनी काढण्यात एका दिवसात जितकी धूळ घरात पसरेल, तितकी तो बोर्ड स्वस्थ बसून कधीच सोडणार नाही.

ठेवायचं ठरलं तर त्याची नोंद ठेवा. घराच्या साध्या नकाशावर जागा दाखवा आणि तो कागद मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. प्लंबर, सुतार, केबलवाला, प्रत्येकाला काम सुरू होण्याआधी तो दाखवा. घर भाड्याने दिलं किंवा विकलं तर नवीन माणसाला द्या. वर्षातून एकदा टॉर्च घेऊन पुन्हा फिरा आणि जुन्या फोटोंशी ताडून पाहा: नवा तडा, ओल, कडेला सुटलेला भुगा.

थोडीशी झीज असेल तर झाकणं किंवा सील करणं हा मधला मार्ग. टाइल्स घट्ट असतील तर त्या न उचकटता वर नवी जमीन घाला. पृष्ठभागाला सीलर किंवा रंग देता येतो, पण रंग देण्याआधी पॉलिशपेपर मारायचा नाही. छताचे पत्रे प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. शेवाळाबरोबर सिमेंटचा वरचा थरही जातो आणि सगळा चिखल भिंतींवर, बागेत, पन्हळीत उतरतो. पन्हळीतला गाळ काढतानाही तो ओला असतानाच काढा. आणखी एक धोका ॲस्बेस्टॉसशी थेट संबंध नसलेला, पण जास्त तातडीचा: जुने पत्रे ठिसूळ असतात, माणसाचं वजन पेलत नाहीत. रंगवायला वर चढलेला माणूस पत्रा फुटून खाली पडणं हा या कामातला नेहमीचा अपघात आहे.

काढायचं ते या तीन कारणांसाठी: माल भुसभुशीत आणि खराब झालेला आहे, त्या जागी तोडफोड अटळ आहे, किंवा येता-जाता त्याला धक्का लागतोच आहे.

पाण्याचे पाइप किंवा टाकी याबद्दल हमखास विचारलं जातं. ॲस्बेस्टॉस पाण्यातून पोटात गेल्याने अपाय होतो याचा ठोस, सातत्यपूर्ण पुरावा मिळालेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा ठरवलेली नाही. असे पाइप बदलताना ते कापण्याची धूळ हाच खरा प्रश्न.

पायरी ५: एखादं छिद्र पाडायचंच असेल तर

पहिला सल्ला, दुसऱ्या भिंतीत पाडा. खरंच. तारेची वाट दोन फुटांनी बदलली तर बहुतेक वेळा प्रश्नच मिटतो.

सिमेंटच्या पत्र्यात एखादं छिद्र अटळच असेल आणि नियमांत बसत असेल, तर जागेवर दोन्ही बाजूंनी दाढीच्या फेसाचा किंवा वॉलपेपरच्या खळीचा जाड थर लावतात आणि हाताने फिरवायच्या किंवा कमी वेगाच्या ड्रिलने त्या थरातून छिद्र पाडतात. भुगा खळीतच अडकतो. मग ती ओल्या फडक्याने पुसून फडक्यासकट पिशवीत, आणि छिद्राच्या कडा सील. ग्राइंडर, कटर, पॉलिश मशीन यांना या कामात जागाच नाही. इन्सुलेशन बोर्ड किंवा वेष्टणावर हा प्रयोग करू नका.

मास्कचं सांगायचं तर नाकावर बांधलेला रुमाल, कापडी किंवा सर्जिकल मास्क यांचा काडीचा उपयोग नाही. पी३ किंवा पी१०० दर्जाचे फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क लागतो. दाढी असेल तर तोही गळतो. दोन दिवसांचे खुंटसुद्धा पुरतात. अंगात वापरून टाकून द्यायचा, टोपीसकट असलेला सूट, पायात बिनलेसचे बूट. काम संपल्यावर सूट ओला करून, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढायचा; मास्क सर्वांत शेवटी. मग अंघोळ. ते कपडे घरच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे नाहीत. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांचं वर जे सांगितलं, ते याचसाठी.

पायरी ६: नकळत काही फुटलं तर

थांबा. साफसफाईला लागू नका, कारण पहिल्या दहा मिनिटांतली झाडलोटच खरी धूळ उडवते. पंखे, एसी बंद करा, मुलांना आणि पाळीव जनावरांना बाहेर काढा, खोलीचं दार लावून फटीत ओलं फडकं कोंबा. कपड्यांवर धूळ बसली असेल तर ते ओले करून तिथेच पिशवीत काढा आणि अंघोळ करा.

घट्ट मालाचे दोन-चार तुकडे असतील तर मास्क घालून ते पाण्याने भिजवा, हाताने उचलून जाड प्लॅस्टिकमध्ये ठेवा, उरलेला चुरा ओल्या फडक्याने टिपा. फडकं प्रत्येक वेळी घडी बदलून वापरा, बादलीत पिळू नका. झाडू नको, आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको: त्याच्या पिशवीतून बारीक तंतू आरपार जातात आणि मागून खोलीभर फवारले जातात. या कामाचे व्हॅक्यूम वेगळे, एच-क्लासचे असतात. वेष्टण, लेप किंवा इन्सुलेशन बोर्ड मोठ्या प्रमाणावर फुटला असेल तर दार बंदच ठेवून तज्ज्ञाला बोलवा.

पायरी ७: काढायला माणूस ठरवताना

आधी स्थानिक प्रशासनाकडे नियम विचारा. बऱ्याच देशांत भुसभुशीत माल काढायला परवानाधारकच लागतो, आणि कचरा कुठे द्यायचा हेही ठरलेलं असतं. मग कंत्राटदाराला विचारा: पत्रे अखंड उतरवणार की फोडून? परवाना आहे का? कचरा जिथे जाईल तिथली पावती देणार का? काम झाल्यावर हवेची तपासणी कोण करणार? ‘सगळा राडारोडा आमच्याच ट्रॉलीत घालून नेतो, काळजी करू नका’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.

नीट काम कसं दिसतं ते सांगतो. पत्रे आधी भिजवलेले. हुक आणि नटबोल्ट सोडवून किंवा कापून पत्रा अख्खा निघतो. हातोहात खाली येतो, वरून फेकला जात नाही. खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकवर ओल्यानेच थर रचतात, जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळतात, टेपने बंद करतात आणि वर धोक्याची सूचना लावतात. आतल्या भुसभुशीत मालासाठी खोली प्लॅस्टिकने सीलबंद करून आतली हवा फिल्टरमधून बाहेर खेचणारं यंत्र लावतात, म्हणजे फटींतून हवा आत येते, बाहेर जात नाही.

काढलेले पत्रे पुन्हा कुठेही वापरू देऊ नका. कुंपण, कोंबड्यांचं खुराडं, वाटेवरची भर, झाडांच्या वाफ्याची कड, असं करून एका घराची धूळ चार ठिकाणी जाते. जाळणंही नाही, तापल्यावर पत्रे फटाफट फुटतात आणि तुकडे दूरवर उडतात.

शेवटची तपासणी कंत्राटदाराच्या माणसाकडून करून घेऊ नका, त्याच्याशी संबंध नसलेल्या विश्लेषकाकडून घ्या. आधी नजरेने पाहणी, मग हवेचा नमुना. ब्रिटनमध्ये बंदिस्त जागा परत वापरायला देण्यासाठी हवेच्या एका मिलिलिटरमागे ०.०१ तंतू ही पातळी धरतात. कागदावर निकाल येईपर्यंत प्लॅस्टिक उतरवायचं नाही आणि शेवटचा हप्ताही द्यायचा नाही.

हे वाचण्याआधीच धूळ खाल्ली असेल तर

गेल्या वर्षी पत्रा कापला होता, लहानपणी अशाच छपराखाली खेळलो होतो, म्हणून झोप उडवून घेऊ नका. धोका हा एकूण किती धूळ, किती वेळा, किती वर्षं आत गेली यावर वाढत जातो. एक-दोन वेळच्या संपर्काने आजार होण्याची शक्यता फार कमी असते. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढून काही हाती लागत नाही, त्यात ताजे तंतू दिसत नाहीत. डॉक्टरांना मात्र सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या: कधी, कशाची धूळ, किती वेळ. वीस वर्षांनी दम लागू लागला तर समोरच्या डॉक्टरला ही एक ओळ फार उपयोगी पडते. आणि सिगारेट ओढत असाल तर ती सोडा. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींपैकी कुठल्याही एकापेक्षा कितीतरी जास्त वाढतो.